साडूंनी दाखवलेला तारा

नाशिक शहरात त्या काळी जेवढी म्हणून काळजी करण्यासारखी होती, तेवढी सगळी आमच्या साडूंनी एकट्याने अंगावर घेतली होती. बाकीचे लोक आपापले उद्योग बिनघोर करू शकत ते त्यांच्या जिवावर, असे माझे प्रामाणिक मत आहे. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगाने किडकिडीत, उंच, मान किंचित एका बाजूला कललेली. कुणीतरी लांबून हाक मारते आहे आणि बातमी बहुधा वाईटच आहे, असा चेहरा कायमचा. भांडीबाजारात त्यांचे तांब्यापितळेचे दुकान होते. भांडे हातात आले की बोटाच्या सांध्याने ठोकायचे, नाद ऐकायचा आणि कुठे चीर नाही ना हे ताडायचे, ही धंद्याची सवय. पण ती दुकानात ठेवून घरी येणे त्यांना कधी जमले नाही. आमच्याकडे आले की दार उघडल्यावरही दार ठोकत. मग खुर्ची ठोकत, मग झोपाळ्याची कडी. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. एका दिवाळीला त्यांनी माझ्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल ठोकून पाहिला आणि खाली ठेवत मला म्हणाले, "मास्तर, आवाज पोकळ येतोय हो."

असा माणूस दुकान चालवतो कसे, हा प्रश्न मला नेहमी पडे. गिऱ्हाईक घागर घ्यायला आले की हे तिची किंमत सांगण्याआधी तिच्यापासून होणारे धोके सांगत. कल्हई वेळच्या वेळी करा, आंबट ठेवू नका, ताक तर चुकूनही नको, रात्रीचे वरण सकाळी हिरवे दिसले तर कुत्र्यालाही घालू नका. एकदा एक बाई मुलीच्या रुखवतासाठी भांडी घ्यायला आल्या होत्या. साडूंनी त्यांना इतके बजावले, इतके बजावले की त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मग काय पोरीला मडकी देऊ?" त्यावर साडूंनी खरोखरच विचार केला आणि त्यांना कुंभारवाड्याची वाट दाखवली. बिहारकडे भूकंप झाल्याचे वर्तमानपत्रात आले, तेव्हा फळीवरच्या सगळ्या घागरी जमिनीवर उतरवून हे मधोमध बसून राहिले होते. पृथ्वी मी शिकवतो म्हणून तिच्या वागण्याचा जाब मलाच विचारला जाई. आणि पृथ्वीबाहेर काही बिघडले तर तेही माझ्याच खात्यात मोडे.

खरे तर हे सगळे चिल्लर होते. त्यांची मोठी काळजी वेगळीच होती आणि ती सुरू झाली माझ्याच लग्नात.

आमची सासुरवाडी वणीची. साडूंचे लग्न वैशाखात झाले, माझे त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मार्गशीर्षात. अंगण तेच, मांडव तसाच. होम आटोपला आणि वधूला ध्रुव दाखवायची वेळ आली. नवऱ्याने बोट दाखवायचे, नवरीने वर पाहून 'दिसला' म्हणायचे, की मग तो जसा जागचा हलत नाही तसे दोघांचे चित्त हलू नये, असा हा विधी. तो झाल्याशिवाय पानावर बसायचे नाही. मी आकाशाच्या बाबतीत तसा पुस्तकीच, म्हणून चाचपडत होतो. तेवढ्यात अनुभवी माणूस या नात्याने साडू पुढे सरसावले. "मला ठाऊक आहे. चिंचेच्या शेंड्याच्या वर बघा, चांगला ठळक..." म्हणून त्यांनी बोट वर केले आणि ते तसेच राहिले. चिंचेच्या शेंड्याच्या वर काहीही नव्हते. भटजींनी त्यांना हळूच बाजूला केले आणि आदल्या उन्हाळ्यात चिंचेची मोठी फांदी तोडली होती त्या मोकळ्या जागेतून एक पांढरा, शांत तारा दाखवला. "हा ध्रुव." साडू म्हणाले, "असं कसं? आमच्या वेळी हा नव्हता!"

मांडव खदखदून हसला. साडूंच्या तोंडचा हा वाक्प्रचार पुढे वणीत बरीच वर्षे चालला. कुणी उशिरा आले, कुणी लठ्ठ झाले, की 'आमच्या वेळी हा नव्हता' म्हणत. पण त्या पंगतीत साडूंच्या पानावरची जिलबी तशीच राहिली. वाढणारे दोनदा फिरकले, तरी ते उत्तरेकडे मान वळवूनच बसले होते. शेवटी हात धुताना त्यांनी मला गाठले आणि विचारले, "मास्तर, मग मी हिला दाखवलं ते काय होतं?"

हा प्रश्न त्यांनी मला चैत्र उजाडेपर्यंत विचारला. शेवटी कंटाळून मी शाळेतून एक इंग्रजी पुस्तक आणि ताऱ्यांचा नकाशा आणला आणि दिवेलागण झाल्यावर आम्ही दोघे त्यांच्या गच्चीवर चढलो. ध्रुवापासून थोडे उजवीकडे, किंचित वर, जवळजवळ तेवढाच तेजस्वी दुसरा तारा होता. साडूंनी तो पाहताक्षणी ओळखला. "हाच! हाच तो!" त्यांच्या लग्नात खरा ध्रुव चिंचेच्या फांदीआड गेलेला होता आणि हा वर निघालेला दिसत होता, कुणीही फसले असते. पण नीट पाहिल्यावर दोघांतला फरक कळत होता. ध्रुव पांढरा आणि हा नारिंगी. साडूंनी नकाशा बाजूला सारून मान आणखी कलवली. मग म्हणाले, "कल्हई उडालेलं भांडं आहे हो ते. आतलं तांबं दिसतंय. सात पिढ्या तांब्याच्या धंद्यातल्या, मास्तर, आणि मला कल्हईचं कुठलं न् उघडं कुठलं, एवढं कळू नये?"

त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी पुस्तकातली माहिती वाचून दाखवली. हा तारा ध्रुवाभोवती फिरतो, थंडीतल्या संध्याकाळी इतका खाली उतरतो की वणीसारख्या ठिकाणी गडाच्या डोंगराआड दिसेनासा होतो, आपल्या सूर्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि अशांना राक्षसी तारे म्हणतात. शेवटच्या वाक्याला साडूंनी पुस्तक माझ्या हातातून काढून मिटून ठेवले. "म्हणजे मी बायकोला राक्षस दाखवला. तोही दर साल बुडणारा."

त्या दिवसापासून साडूंच्या संसाराला ऋतुमान आले. चैत्रात तो तारा वर चढू लागला की साडू खुलत. बायकोला गंगेवर, म्हणजे नदीच्या घाटावर, न्यायचे, रथोत्सव दाखवायचे, द्राक्षे आणायचे. म्हणजे आधी एकेका द्राक्षातल्या बिया काढायचे, पण आणायचे. आमची ही आणि मी थोरल्या बहिणीला अक्का म्हणत असू. अक्का तशा हसऱ्या, पण त्या हसण्याला कार्तिकात कुलूप लागे. तारा खाली उतरू लागला की साडूंचा पहारा सुरू होई. मग अक्कांनी आडावर जायचे नाही, टांग्यात बसायचे नाही, शिंक आली तर वैद्य, दोन शिंका आल्या तर डॉक्टर. माहेरी जायचे तर नावच काढायचे नाही, कारण वणी म्हणजे जिथे तो डोंगराआड बुडतो ती जागा. संक्रांतीचा सण वर्षामागून वर्षे अक्कांनी खिडकीशी बसून काढला. कारण विचारले की साडू म्हणत, "थंडी फार आहे." त्यांना खरे सांगायची छाती नव्हती. लग्न पक्के झालेलेच नाही, हे लग्नाच्या बायकोला सांगायचे तरी कोणत्या तोंडाने? त्यांना मूल नव्हते. ती गोष्टही त्यांनी मुकाट्याने त्या ताऱ्याच्या माथी मारली होती. घरच्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा साडू घाबरून माझ्याकडे पळत आले आणि म्हणाले, "मास्तर, आणखी एकीला फसवू?"

अक्कांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की आपला नवरा निम्मे वर्ष आपल्याला घराबाहेर पडू देत नाही. एकदा त्या आमच्याकडे आल्या असताना बहिणीला म्हणाल्या, "ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही गं. उन्हाळ्यात असतो, हिवाळ्यात नसतो. असं कसं माणूस असतं?" आमच्या हिने माझ्याकडे पाहिले. साडूंनी मला शपथ घातली होती, म्हणून मी पानाला चुना लावत राहिलो.

मग एका पौषात वणीहून सांगावा आला की सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या आहेत. अक्कांनी सकाळीच गाठोडे बांधले. साडू दारात आडवे उभे राहिले. "आत्ता नको. चैत्रात जा. चैत्रात मी स्वतः पोचवतो." अक्का आवाज न चढवता म्हणाल्या, "आई चैत्रापर्यंत थांबेल असं तिनं कळवलंय का? मी निघाले. परत यायचं की नाही, ते तिथं गेल्यावर ठरवीन." हे मी माझ्या कानांनी ऐकले, कारण त्यांना पोचवायला आम्ही दोघे जाणार होतो. अक्का पोकळ धमकी देणाऱ्या बाई नव्हत्या. साडूंचा चेहरा पाहवेना.

सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर ते आमच्यामागून आले, पण गाडीत चढेनात. करीमभाई ड्रायव्हरने भोंगा वाजवला, गाडी हलली, तसे हे पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा पोटाशी धरून धावत सुटले आणि मागच्या बाजूने आत शिरले. इंजिन तापेल, म्हणून पाणी. दिंडोरीपर्यंत त्यांनी करीमभाईला ब्रेक, टायर आणि पुढच्या पुलाबद्दल इतके छेडले की तो वैतागून म्हणाला, "ओ शेट, गाडी मी चालिवतो, तुमी निस्तं बसा ना! माझी पन बायकापोरं हायेत घरी, मला काय मरायची लय हौस नाय." सगळी गाडी हसली, अक्का सोडून. त्या सबंध वाटेत खिडकीबाहेर पाहत होत्या.

वणीला पोचलो तर सासूबाईंचे लक्षण ठीक नव्हते. शुद्ध येत होती, जात होती. अक्का कमरेला पदर खोचून थेट आत गेल्या. साडू अंगणात येरझारा घालत राहिले. दिवेलागणीला त्यांनी उत्तरेकडे पाहिले. गडाच्या रेषेवर धुरकट अंधार होता आणि तांबूस तारा कुठेच नव्हता. तेवढ्यात अक्का पाणी तापवायला म्हणून चुलीकडे निघाल्या आणि साडूंचा बांध फुटला. त्यांनी त्यांना तिथेच अडवले आणि मांडव, चिंच, भटजी, पुस्तक, राक्षस, सगळे एका दमात सांगून टाकले. आम्ही ओसरीवर होतो. शेवटी ते म्हणाले, "मी तुला भलताच तारा दाखवला. तेव्हापासून हिवाळा आला की मला वाटतं, तू जाणार."

अक्का हातातली कळशी तशीच धरून उभ्या होत्या. मला वाटले त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"आणि म्हणून मला इथं येऊ दिलं नाहीत? इतकी वर्षं? माझी आई वाट बघत बसली, मी तिकडं खिडकीत बसले, ते ह्यापायी?"

"हो," साडू म्हणाले.

"मी तारा बघितलाच नव्हता," अक्का म्हणाल्या. "सकाळपासून पोटात कण नव्हता. डोळ्यांत होमाचा धूर, पुढं मुंडावळ्या. दिसला म्हटलं की जेवायला बसवतात, असं आत्यानं कानात सांगून ठेवलं होतं. तुम्ही बोट वर केलंत, मी दिसला म्हटलं. तुमचं बोटसुद्धा धड दिसलं नव्हतं मला."

इतक्या वर्षांची त्यांची काळजी एका वाक्यात खलास झाली, असे मला वाटले आणि मी त्यांना मिठी मारायला उठलोसुद्धा. पण साडूंना मी पुरते ओळखत नव्हतो. त्यांच्या चेहऱ्यावर नवी काळजी हळूहळू उगवताना मी पाहिली. "म्हणजे," ते खोल आवाजात म्हणाले, "आपल्या लग्नात तारा झालाच नाही." मग घाईघाईने बोट वर करून, "हा बघ, हा खरा. आत्ताच बघ. दिसला म्हण आणि मोकळी हो."

"नाही बघत," अक्का म्हणाल्या. "एकदा म्हटलं होतं तुमच्यासाठी. आता मला वाटेल तेव्हा बघेन, नाहीतर नाही बघणार. आई अंथरुणावर आहे. बाजूला व्हा, पाणी तापवायचंय."

साडू बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो, तेव्हा वाटले की तेही येतील. जावयाने सासुरवाडीत मुक्काम ठोकणे त्या काळी हसण्याचा विषय होई. पण ते म्हणाले, "दुकान बंद राहू दे." आणि ते वणीत राहिले. त्यापुढचे मी सासऱ्यांच्या तोंडून ऐकले. त्यांच्या काळजीला जन्मात पहिल्यांदाच नेमका उद्योग मिळाला होता. पाणी त्यांनी स्वतः उकळले, कापडातून गाळले, पुन्हा उकळले. औषधाच्या वेळा त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. बाजेचे पाय ठोकून पाहिले, त्यातला एक खरोखरच किडलेला निघाला. पेज फार गरम आहे का, हे आधी स्वतःच्या जिभेवर पाहून जीभ पोळून घेतली. सासूबाई जावयासमोर डोक्यावरून पदर घेत, त्यांना हे सगळे फार जड गेले. पण मग पदर घ्यायचे त्राणच उरले नाही आणि एके दिवशी ग्लानीत त्यांनी साडूंचाच हात धरून ठेवला. साडू सकाळपासून दुपारपर्यंत तसेच बसून राहिले, हात सोडवला तर काही होईल म्हणून. गावच्या डॉक्टरने ताप उतरल्यावर सांगितले की औषधाचा भाग थोडा, बाकी सगळी शुश्रूषा. अक्का दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्या नवऱ्याशी कामापुरतेच बोलत, पण त्याचे पान वाढताना, सासरे म्हणाले, तूप जरा सढळ पडू लागले होते.

फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही त्यांना न्यायला गेलो. सासूबाई उठून बसत होत्या, लिंबू मागत होत्या, म्हणजे बऱ्या होत्या. संध्याकाळची जेवणे झाली. परत जाणार की नाही, हे अक्कांनी अजून कुणालाच सांगितले नव्हते आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. साडू अंगणात हात मागे बांधून उभे होते. अक्का बाहेर आल्या, हात पदराला पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"आधी तो दाखवा," त्या म्हणाल्या. "माझं माहेर तोडणारा."

साडूंनी गडाच्या उजव्या अंगाला बोट दाखवले. तो नुकता वर आला होता. अक्कांनी मान वर करून त्याला चांगले न्याहाळले. "एवढासा तर आहे. त्याचा काय दोष?" मग थोड्या वेळाने, "आता तुमचा खरा दाखवा."

साडूंनी आधी स्वतः दोनदा खात्री करून घेतली, हे मला ओसरीवरूनही दिसत होते. त्यांनी दाखवले. अक्का पाहू लागल्या. साडूंनी ताबडतोब विचारले, "दिसला?"

"थांबा," अक्का म्हणाल्या. "बघतेय."

आमच्या हिने मला कोपराने ढोसले आणि आम्ही आत गेलो. दुसऱ्या दिवशी चौघेही एकाच मोटारीने नाशकाला आलो. त्यानंतरच्या संक्रांतींना अक्का माहेरी जात. साडू त्यांना मोटारीत बसवून देत आणि त्या परत येईपर्यंत भांडीबाजारातली झाडून सारी भांडी ठोकून काढत, पण जाऊ देत.

अक्का फार वर्षे राहिल्या नाहीत. त्या गेल्या त्या भर वैशाखात, तो तारा ध्रुवाच्याही चांगला वर असताना, म्हणजे साडूंच्या पंचांगाप्रमाणे मुळीच धोका नव्हता तेव्हा. साडूंना मी त्यानंतर कधी आकाशाबद्दल विचारले नाही. एकदाच, पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघे म्हातारे त्यांच्या गच्चीवर बसलो असता मला राहवले नाही आणि मी म्हणालो, "साडूबुवा, त्या दिवशी वणीला अक्का शेवटी दिसला म्हणाल्या का हो?"

"नाही," ते म्हणाले. "माझ्या दंडाला धरून बराच वेळ बघत उभी होती. मग आईनं हाक मारली, म्हणून आत गेली."

"आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत?"

"नाही हो, मास्तर," साडू म्हणाले. "विचारावंसं वाटलंच नाही."